पाठाची वही

माझ्या पहिल्या सराव पाठाचा घटक होता दशांश अपूर्णांकांचा लहानमोठेपणा. सोलापुरातली मराठी माध्यमाची शाळा, सहावीचा वर्ग, साठ-बासष्ट मुलं. 2016 चा जानेवारी महिना. हातात पाठाचं टाचण, पिशवीत रंगीत खडू, काखेत गुंडाळी फळा आणि रात्री जागून केलेला कार्डशीटचा तक्ता. शेवटच्या बाकावर आमच्या गणित अध्यापन पद्धतीच्या मॅडम बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी माझ्या दोन सहाध्यायिनी निरीक्षणाची वही उघडून तयार.

हेतुकथन झालं. मी फळ्यावर 0.35 आणि 0.5 लिहिलं आणि विचारलं, "यांत मोठं कोण?" अर्धा वर्ग ओरडला, "पॉइंट पस्तीस!" मी लगेच म्हटलं, "नाही, पॉइंट पाच मोठा." मग नियम सांगितला. दशांश चिन्हापुढचे अंक दोन्हीकडे सारखे करून घ्यायचे, पाचापुढे शून्य लिहायचं, आता पन्नास आणि पस्तीस यांची तुलना करायची. मुलांनी नियम वहीत उतरवून घेतला. उपयोजनाची चारही उदाहरणं बरोबर आली. घंटा व्हायच्या आत टाचणातला शेवटचा रकाना पुरा झाला. पाठ छान झाला, असं मला वाटलं.

मॅडमनी वही परत दिली तेव्हा खाली हिरव्या शाईत लिहिलं होतं, "फलकलेखन चांगलं. मुलं चुकली हे तुला कळलं. का चुकली हे विचारलंस का? मधल्या सुट्टीत एकदोघांना गाठून विचार."

मी गेले. पाण्याच्या टाकीपाशी त्या वर्गातली एक मुलगी बाटली भरत होती. तिला म्हटलं, "तुला मघाशी पॉइंट पस्तीस मोठा का वाटला गं?" ती म्हणाली, "पस्तीस मोठेच की पाचापेक्षा, बाई. आणि तुम्हीच तर म्हणला, पॉइंट पस्तीस."

तिचं म्हणणं खरं होतं. 'पॉइंट तीन पाच' असं वाचायचं सोडून मी अख्खा तासभर 'पॉइंट पस्तीस' असंच वाचत होते. कानांवर पस्तीस पडलं, म्हणून मुलांनी पस्तीस आणि पाच यांची तुलना केली. माझ्या नियमाने त्यांची उत्तरं बरोबर आली, पण डोक्यातला समज जागचा हलला नव्हता. आठ दिवसांनी मॅडमनी त्याच वर्गावर पुन्हा प्रश्न विचारायला लावला, तेव्हा निम्म्या मुलांनी पुन्हा 'पॉइंट पस्तीस' म्हटलं.

शिक्षक होण्याबद्दल मला जे कळलं आहे, त्याची सुरुवात त्या टाकीपाशी झाली. मूल चुकतं तेव्हा त्यामागे त्याचा एक विचार असतो. तो शोधून काढणं हे शिक्षकाचं खरं काम. आणि हे काम आपल्याला जमतंय की नाही, हे आपलं आपल्याला वर्गापुढे उभं राहून दिसत नाही. त्यासाठी मागच्या बाकावर कुणीतरी बसावं लागतं.

आमची बॅच दोन वर्षांच्या बी.एड.ची पहिली बॅच. त्याआधी बी.एड. एका वर्षात होत असे. 2015 च्या जूनमध्ये प्रवेश घेताना घरी हाच मोठा प्रश्न होता की एक वर्ष जास्त कशासाठी? माझी आई विड्या वळायची. हजार विड्यांमागे मजुरी ठरलेली. आणखी एक वर्ष म्हणजे तिच्या आणखी किती हजार विड्या, हा हिशेब ती तोंडाने बोलली नाही, पण मी मनात केला होता.

ते वर्ष का वाढलं, हे मला पुढे वर्गात समजलं, आणि त्याचं मूळ आपल्याच राज्यात निघालं. महाराष्ट्रातल्या डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. त्यातून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षक-शिक्षणाची तपासणी करणारा आयोग नेमला गेला. 2012 मध्ये त्याचा अहवाल आला. शिक्षक घडवायला जास्त काळ हवा आणि त्यातला बराच काळ प्रत्यक्ष शाळेत जायला हवा, असा त्याचा रोख होता. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने 2014 मध्ये नवे नियम केले आणि 2015-16 पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. दोन्ही वर्षं मिळून किमान 20 आठवडे शाळेत, त्यांतले 16 दुसऱ्या वर्षी. या शेवटच्या भागाला आम्ही आंतरवासिता म्हणायचो. डॉक्टरांची आंतरवासिता लोकांना माहीत असते. शिक्षकांचीही असते, हे सांगितलं की अजूनही लोकांना नवल वाटतं.

पण सराव पाठांच्या आधी आणखी एक पायरी असते, ती म्हणजे सूक्ष्मपाठ. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात 1960 च्या दशकात ही पद्धत आकाराला आली आणि आपल्याकडच्या बहुतेक बी.एड. महाविद्यालयांत ती आजही चालते. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचं. प्रश्न विचारणं, फलकलेखन, प्रबलन, चेतक बदल, असं एकेक. समोर मुलं नसतात, आपलेच आठ-दहा सहाध्यायी मुलं होऊन बसतात. सहा मिनिटं शिकवायचं. सहा मिनिटं प्रत्याभरण, म्हणजे काय चांगलं झालं आणि काय राहिलं ते बाकीच्यांनी सांगायचं. बारा मिनिटं पुन्हा तयारी. सहा मिनिटं पुन्हा तोच पाठ. पुन्हा सहा मिनिटं प्रत्याभरण. असं एक चक्र 36 मिनिटांत पूर्ण होतं.

पहिले काही दिवस आम्हाला हा खेळ वाटायचा. वयाने वाढलेल्या बाया-पुरुषांनी पाचवीची मुलं व्हायचं, मुद्दाम चुकीची उत्तरं द्यायची. पण त्या चक्रात एक गोष्ट अशी आहे की जी मला नंतरच्या सगळ्या परीक्षांत कुठेच भेटली नाही. ती म्हणजे पुन्हा शिकवण्याची संधी. चुकलास तर नापास, असं तिथे नव्हतं. चुकलास तर बारा मिनिटं घे आणि पुन्हा शिकव, असं होतं.

प्रश्न-कौशल्याच्या पाठात मॅडम घड्याळ घेऊन बसायच्या. प्रश्न विचारल्यावर आपण किती वेळ थांबतो, हे मोजायच्या. मेरी बड रो नावाच्या अमेरिकी अभ्यासिकेने वर्गांतल्या तासांचं ध्वनिमुद्रण करून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं मोठी होतात, गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. हे पुस्तकात वाचणं सोपं. वर्गापुढे तीन सेकंद गप्प उभं राहून बघा. तीन सेकंद फार मोठे वाटतात. घशाशी आलेलं उत्तर गिळावं लागतं. मी ते गिळायला शिकले, पण त्याला माझे सात पाठ गेले.

आंतरवासितेचे 16 आठवडे एका नावाजलेल्या शाळेत गेले. तिथल्या बऱ्यावाईट दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात. बरी गोष्ट अशी की शाळा आतून कशी चालते, हे तिथे कळलं. हजेरीचा ताळमेळ कसा लावतात, घटक चाचणीचा संविधान तक्ता खरोखर कशासाठी असतो, पालकसभेत रागावलेल्या बापाशी कसं बोलायचं, पोषण आहाराची खिचडी शिजायला उशीर झाला की चौथ्या तासाला वर्गाचं काय होतं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

वाईट गोष्ट अशी की आम्ही बारा छात्राध्यापक तिथे गेलो आणि शाळेला बारा जादा माणसं मिळाली. ज्या तासाला शिक्षक रजेवर, तिथे आम्ही. ज्याला वह्या तपासायच्या आहेत, त्याच्या वर्गावर आम्ही. "बी.एड.च्या मॅडमना पाठवा" हे वाक्य शिक्षकखोलीत दिवसातून पाच वेळा ऐकू यायचं. त्या 16 आठवड्यांत मी किती ऑफ तास भरले, ते मोजलेलं नाही. पण शाळेतल्या अनुभवी शिक्षकांपैकी माझ्या वर्गात पूर्ण तास किती जण बसले, ते पक्कं आठवतं. दोन जण. एकाने शेवटी म्हटलं, "चांगलं शिकवता." दुसऱ्या बाईंनी म्हटलं, "तू डाव्या बाजूच्या रांगेकडे बघतच नाहीस." मला उपयोग झाला तो दुसऱ्या वाक्याचा. त्या दिवसापासून मी वर्गात शिरल्यावर आधी डावीकडे बघते.

2017 मध्ये विद्यापीठाची पदवी हातात आली. आईने ती देवघराशेजारी ठेवली. तिला वाटलं, झाली पोरगी मास्तरीण.

पदवी आणि नोकरी यांच्यामध्ये किती पायऱ्या आहेत, हे बाहेरच्या माणसाला पटकन उमगत नाही, म्हणून सरळ सांगते. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्या कायद्याखाली शिक्षकाची किमान पात्रता ठरली, आणि पहिली ते आठवीला शिकवायचं तर पदवी-पदविकेसोबत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, आली. महाराष्ट्रात ती पहिल्यांदा डिसेंबर 2013 मध्ये झाली. 150 प्रश्न, अडीच तास, खुल्या गटाला 60 टक्के. पहिली ते पाचवीसाठी एक पेपर, सहावी ते आठवीसाठी दुसरा. मी दुसऱ्या प्रयत्नात, 2018 मध्ये पास झाले.

पण टीईटी म्हणजे फक्त पात्रता. निवड होते ती शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीतून, जिला सगळे टेट म्हणतात. ती पहिल्यांदा डिसेंबर 2017 मध्ये झाली. त्या गुणांवर शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरायचे आणि यादीची वाट बघायची. त्या पहिल्या चाचणीत माझे गुण कमी पडले. पुढची चाचणी कधी, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. ती झाली 2023 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. मधली पाच वर्षं माझ्यासारख्या हजारो मुलामुलींनी अभ्यासिकांमध्ये, खासगी क्लासमध्ये आणि विनाअनुदानित शाळांमध्ये काढली.

मी एका विनाअनुदानित शाळेत होते. पगार महिना पाच हजार, तोही दोन-तीन महिन्यांनी एकदम. दिवसाला सात तास. महिनाअखेर 'पोर्शन' संपला पाहिजे, एवढंच बघितलं जायचं. त्या पाच वर्षांत माझ्यात काय झालं, ते मी आज मान्य करते. माझं थांबणं सुटलं. प्रश्न विचारायचा आणि उत्तरही आपणच द्यायचं, ही जुनी सवय परत आली. मागच्या बाकावर कुणी नव्हतं, वहीत हिरवी शाई नव्हती. कमावलेलं कौशल्य न वापरता राहिलं की गंजतं, हे लोखंडाबद्दल ठाऊक होतं, स्वतःबद्दल कळायला वेळ लागला.

याच काळात टीईटीतल्या गैरप्रकाराची बातमी आली. 2019 च्या परीक्षेतल्या साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांची संपादणूक रद्द झाली. आमच्या शाळेनेही सगळ्यांची मूळ प्रमाणपत्रं पडताळणीला मागवली. माझं प्रमाणपत्र खरं होतं, तरी ते टेबलावर ठेवताना हात थरथरला. गावात लोक सहज म्हणायचे, "टीईटी काय, पैसे दिले की होते." ज्यांनी रात्र-रात्र जागून ती परीक्षा पास केली, त्यांच्यासाठी हे वाक्य किती जड होतं, हे त्यांनाच माहीत.

2023 च्या चाचणीची मी वेड्यासारखी तयारी केली. 200 प्रश्न, 120 मिनिटं. अभियोग्यतेचे 120, बुद्धिमत्तेचे 80. हिशेब केला तर एका प्रश्नाला 36 सेकंद. परीक्षा केंद्रात संगणकासमोर बसले तेव्हा मला सूक्ष्मपाठाचं ते चक्र आठवलं. तिथे एक कौशल्य नीट यायला 36 मिनिटं मिळायची, आणि इथे मी शिक्षक होणार की नाही, हे 36 सेकंदांच्या तुकड्यांनी ठरत होतं. घड्याळांची मांडणी, नातेसंबंध, अंकमालिका, इंग्रजी व्याकरण. त्या दोन तासांत मी मुलांशी कशी बोलते, हे कुणीच बघितलं नाही.

तरीही एक गोष्ट मनापासून सांगते. फेब्रुवारी 2024 मध्ये निवड यादी लागली, तिच्यात माझं नाव होतं आणि त्यासाठी आम्ही कुणाला एक रुपया दिला नाही. त्याआधी एका संस्थेने मला जागेसाठी जो आकडा सांगितला होता, तो आईने आयुष्यभर विड्या वळल्या असत्या तरी जमला नसता. गुणांवर, सगळ्यांना दिसेल अशी यादी लावून भरती व्हावी, हे तत्त्व योग्यच आहे. विडी कामगाराच्या मुलीला त्यानेच दार उघडून दिलं. माझी तक्रार परीक्षा असण्याबद्दल नाही. परीक्षेनंतर आमच्याकडे कुणी बघत नाही, याबद्दल आहे.

आईच्या विड्यांचंच सांगते. रोज संध्याकाळी ती विड्या जमा करायला जायची तेव्हा तिथला माणूस कट्टा हातात घेऊन बघायचा. सैल वळलेली, तोंड नीट न मुडपलेली विडी वेगळी काढायचा. तिला 'छाट' म्हणायचे. छाट जास्त निघाली की मजुरी कापली जायची, म्हणून आईला त्या माणसाची भीती वाटायची. ती छाट अन्यायाची होती, हे मला मोठी झाल्यावर कळलं. पण एक विडी कशी वळली आहे, हे रोज कुणीतरी हातात घेऊन बघत होतं. माझ्या हाती दिवसाला चाळीस मुलांची मनं दिली होती. ती मी कशी हाताळते, हे बघायला वर्षानुवर्षं कुणी आलं नाही. मला छाट काढणारा माणूस नको होता. मला मॅडमसारखं कुणीतरी हवं होतं, जे चूक दाखवील आणि बारा मिनिटं देईल.

मला सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात शाळा मिळाली. जिल्हा परिषदेची, पहिली ते आठवी. मी सहावी ते आठवीला गणित-विज्ञान. पद शिक्षणसेवकाचं, म्हणजे तीन वर्षं मानधनावर. हे मानधन बरीच वर्षं सहा हजार होतं, 2023 पासून सोळा हजार झालं. पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांनी हजेरीपत्रक हातात दिलं आणि वर्ग दाखवला. भेटीला जे कुणी आले ते माहिती विचारून गेले. पटावर किती, आधार किती जणांचं जुळलं, पोषण आहाराची नोंद झाली का. सगळं आवश्यकच होतं. वर्गात मात्र कुणी बसलं नाही.

ते बसणं पुढे ज्या वाटेने आलं, तिची मी कल्पनाही केली नव्हती.

1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. सेवेत असलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या शिक्षकांनाही टीईटी पास व्हावी लागेल, आणि तीही दोन वर्षांत. राज्यभर शिक्षकखोल्यांमध्ये शांतता पसरली. आमच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवणारे एक गुरुजी आहेत. बावीस वर्षं सेवा झाली. त्यांच्या वर्गातलं मूल दिवाळीपर्यंत वाचायला लागतं, हे पंचक्रोशीला माहीत आहे. ते एका दुपारी डबा खाताना म्हणाले, "मॅडम, तुम्ही ही परीक्षा दिलीय. मला जरा इंग्रजी आणि ते बालमानसशास्त्र दाखवाल का?"

त्यांच्या आवाजातला संकोच मला सहन झाला नाही. ज्या माणसाने चारशे-पाचशे मुलांना अक्षर दिलं, त्याने अक्षर शिकवायला आपण पात्र आहोत, हे चार पर्यायांतून एक निवडून दाखवायचं होतं. निकालामागचा कायदा मला समजतो. प्रत्येक मुलाला पात्र शिक्षक मिळालाच पाहिजे, हे मलाही मान्य आहे. पण त्या दुपारी मला पुन्हा वाटलं की आपली सगळी मोजपट्टी वर्गाबाहेर ठेवलेली आहे.

मी म्हटलं, "गुरुजी, दाखवते. पण मला एक फी द्यायची. आठवड्यातून एकदा माझ्या तासाला मागे येऊन बसायचं."

ते म्हणाले, "मी काय बघणार? मी डी.एड. झालेला माणूस. तुमचं सहावी-सातवीचं गणित."

"गणित नका बघू. पोरं बघा," मी म्हटलं.

शनिवारी शाळा सकाळची. आपल्या वर्गाला लेखन देऊन, दोन्ही वर्गांमधलं दार उघडं ठेवून गुरुजी वीस मिनिटं माझ्या सहावीच्या मागच्या बाकावर बसू लागले. पहिल्या शनिवारी काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या शनिवारी दशांश अपूर्णांक होते. दहा वर्षांनी तोच घटक. मी फळ्यावर 4.35 आणि 4.5 लिहिलं. 'चार पॉइंट तीन पाच' असं नीट वाचलं, तरी मुलं म्हणाली, "चार पॉइंट पस्तीस मोठा." मी नियम सांगायला खडू उचलला आणि मागे नजर गेली. गुरुजी मान हलवत होते, 'थांबा' अशी.

तास संपल्यावर म्हणाले, "मॅडम, ही पोरं रोज डेअरीची चिठ्ठी वाचतात. तिथं कुणी चुकत नाही. इथं का चुकतात?"

सोमवारी मी मुलांना घरून दुधाच्या चिठ्ठ्या आणायला सांगितल्या. वर्गात सतरा मुलं, अकरा चिठ्ठ्या आल्या. ज्याच्या घरी दोन गायी आहेत, अशा एका मुलाला विचारलं, "काल संध्याकाळी किती घातलं?"

"साडेचार लिटर."

"चिठ्ठीवर कसं लिहिलंय?"

"चार पॉइंट पाच."

"आणि सकाळी?"

त्याने दुसरी चिठ्ठी बघितली. "चार पॉइंट पस्तीस."

"जास्त कधी घातलं?"

"संध्याकाळी की, मॅडम. साडेचार म्हंजे वर अर्धा लिटर. सकाळी अर्ध्याला कमी होतं."

मी फळ्यावर दोन्ही संख्या पुन्हा लिहिल्या आणि खडू टेबलावर ठेवला. "मग शनिवारी तुम्ही सगळे म्हणत होता, चार पॉइंट पस्तीस मोठा. आता?"

कुणी बोलेना. मी मनात मोजत होते. एक, दोन, तीन. पाचापर्यंत गेले. खिडकीशी बसणारी एक मुलगी आहे, ती वर्गात सहसा बोलत नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "तो पाच म्हंजे पाच नसंल. पन्नास असंल. शून्य लिहीत नसतील." मग तिच्या पुढचा मुलगा वळून म्हणाला, "अगं, एक लिटरचे शंभर भाग केले तर अर्ध्यात पन्नासच येणार!"

जो नियम मी 2016 मध्ये साठ मुलांच्या वह्यांत उतरवून दिला होता, तो या दोघांनी स्वतः शोधून काढला. माझं काम एवढंच होतं, की प्रश्न नीट विचारायचा आणि गप्प उभं राहायचं.

मी त्या दिवशी घरी येऊन जुनी पाठाची वही काढली. हिरव्या शाईचा रंग फिकट झाला आहे, अक्षर अजून स्वच्छ दिसतं. शेवटची आठ-दहा पानं कोरी होती. त्यांवर मी पुन्हा पाठ लिहू लागले आहे. टाचणाचे सगळे रकाने नाही, तीनच गोष्टी. आज कुठला प्रश्न विचारला, मुलं कुठे चुकली, का चुकली. शनिवारच्या पानाखाली गुरुजी एखादं वाक्य लिहितात. नोव्हेंबरच्या टीईटीला ते बसले. निकाल काय लागायचा तो लागेल. पाठाच्या निरीक्षणाबद्दल मी त्यांच्याकडून जे शिकले, त्यासाठी मला त्यांच्या प्रमाणपत्राची गरज पडली नाही.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम हाच 2030 पर्यंत शिक्षक होण्याचा मुख्य मार्ग ठरवला आहे. शिक्षकांनी वर्षाला किमान 50 तास स्वतःच्या प्रशिक्षणाला द्यावेत, असंही त्यात म्हटलं आहे. एका वर्षाचं बी.एड. दोन वर्षांचं झालं, आता चार वर्षांचा अभ्यासक्रम येतो आहे. वर्षं वाढताहेत ते चांगलंच आहे. पण त्या वर्षांत आणि त्यानंतर मागच्या बाकावर बसायला माणूस नसेल, तर वाढलेली वर्षं फक्त फी वाढवतील. त्या 50 तासांपैकी दहा तास जरी प्रत्येक शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकाच्या वर्गात बसून काढले, तर त्याला वेगळं अनुदान लागणार नाही, सभागृह लागणार नाही, जेवणाची पाकिटंही लागणार नाहीत.

म्हणून माझं मुख्याध्यापकांना आणि जुन्या शिक्षकांना कळकळीचं सांगणं आहे. तुमच्या शाळेत पुढच्या सत्रात बी.एड.चे छात्राध्यापक येतील, एखादी नवी शिक्षणसेविका रुजू होईल. तिला ऑफ तास भरायला पाठवू नका. तिच्या वर्गात मागच्या बाकावर बसा, पूर्ण तास बसा. शेवटी 'छान' म्हणून उठू नका. तिला दिसलं नाही आणि तुम्हाला दिसलं, असं एक वाक्य तिच्या वहीत लिहा, आणि तोच पाठ तिला पुन्हा घेऊ द्या.